सोनेरी डोळ्याचा हंगाम

शिओच्या डाव्या डोळ्यात पहिला ठिपका दिसला तेव्हा हिसानोमावशीला वाटलं, चहाचा थेंब उडाला. ॲप्रनचं टोक ओलं करून ती पुसायला गेली. शिओनं मान फिरवली. ठिपका तिथंच राहिला. निळ्या बुबुळात, तिळाएवढा, तपकिरी.

ते नोव्हेंबरात. मी शेजारीच बसले होते. मीही तो ठिपका पाहिला. मला तो सुंदर वाटला. हे आधीच सांगून टाकते.

शिओ म्हणजे मीठ. पांढराशुभ्र बोका, दोन्ही डोळे निळे, जन्मापासून ठार बहिरा. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं पुष्कळदा बहिरी निघतात, हे आमच्या बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मावशी त्याला हाक मारत नसे. जमिनीवर दोनदा पाय आपटायची. तो यायचा. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा तोकुजी गेला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे पिल्लू शेडच्या दारात आलं आणि राहिलं. "मी नाही त्याला ठेवलं," ती म्हणे. "त्यानं मला ठेवलं."

शेड इरिकोची, म्हणजे सुक्या बारीक मासळीची. बोटाएवढी मासळी पहाटे जाळ्यात येते, मिठाच्या पाण्यात उकडते, गरम हवेत वाळते आणि लांबलचक टेबलावर येऊन पडते. मग बायका ती निवडतात. पोट फुटलेली बाजूला, बारके खेकडे बाजूला, चुकून आलेली माकुळं बाजूला. हिसानोमावशी एकोणिसाव्या वर्षी त्या टेबलाशी उभी राहिली. आज ती सहासष्ट वर्षांची आहे. तिच्या बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली आहेत. मोबाइलच्या काचेला तिचा स्पर्श कळत नाही. फोन लावायचा तर ती माझ्या हातात देते.

मी ओसाकाहून साहित्याची पदवी घेऊन परत आले, त्याला दोन वर्षं झाली. तिथं नोकरी मिळाली नाही, म्हणून इथं लाँचच्या तिकीटघरात बसते. दिवसाला चार लाँच. मधल्या वेळात शेडमध्ये जाऊन मावशीशेजारी भाताचे मुटके खाते. अशी आमची मैत्री झाली. ती मला पुस्तकांबद्दल काही विचारत नाही. मला त्याचं बरं वाटतं.

शेडमध्ये घड्याळ आहे, पण बंद. मिठाच्या वाफेत कुठलंही घड्याळ तिथं वर्षभर टिकत नाही. मावशीला त्याची गरजही नव्हती. तिचे वडील बोटीवर मांजर न्यायचे आणि त्याच्या डोळ्यांत बघून वेळ सांगायचे. पहाटे बाहुली गोल. सकाळी अंड्यासारखी. मग बीसारखी चपटी. भर दुपारी सुई. वडिलांकडून ते मावशीकडे आलं. शिओ रोज दारातल्या एकाच फळीवर पडून असायचा, तोंड समुद्राकडे. मावशी हात न थांबवता मान वळवून त्याच्याकडे बघायची.

"सुई झाली. जेवा."

बायका हात धुवायला उठायच्या. मी दोनचारदा मोबाइलवर पडताळून पाहिलं. दहा-पंधरा मिनिटांचा फरक. ढगाळ दिवशी मात्र हे घड्याळ बरंच मागं पडायचं. तेव्हा फुसाए कुरकुर करायची. फुसाए मावशीच्या शेजारी उभी राहून निवडते. पन्नाशीची, तोंडाचा पट्टा सतत चालू.

"तुझ्या घड्याळाला चावी दे गं, पोटात कावळे ओरडतायत."

"तुझे कावळे नाश्त्यानंतरही ओरडतात."

असं चाललेलं असायचं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मासेमारी संस्थेचे अध्यक्ष मुराओकासान तांदळाच्या मोचीचं ताट घेऊन मावशीकडे आले. ते आणि मावशी शाळेत एका वर्गात होते. तोवर शिओचं अर्धं बुबुळ रंगलं होतं.

"हिसानो, ह्याचा डोळा सोनेरी होतोय की."

"तपकिरी आहे."

"उन्हात धर. सोनेरी आहे. तुला मेलीला कधी चांगलं दिसायचंच नाही."

आमच्याकडे एक डोळा सोनेरी आणि एक रुपेरी असलेलं पांढरं मांजर दारात असणं म्हणजे भरभराट. फिक्या निळ्यालाच रुपेरी म्हणायचं. असं मांजर जन्मावं लागतं. म्हातारपणी डोळा सोनेरी झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण तीन वर्षं मासळी रुसली होती. पाचातल्या दोन बोटी विकल्या गेल्या होत्या. माणसं काहीही ऐकायला तयार होती.

जूनमध्ये हंगाम लागला आणि पहिल्याच आठवड्यात जाळी भरून आली. उकडायच्या कढया थांबेनात. बायका टेबलाशी बारा-बारा तास उभ्या. मुराओकासानांनी शिओसाठी दारातल्या फळीवर नवी कोरी चटई घातली. बोटीवर जाणारा प्रत्येक जण आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागला. मग पलीकडच्या किनाऱ्यावरून माणसं यायला लागली. लाँचमधून उतरली की मला विचारत, सोनेरी डोळ्याचं मांजर कुठंय? मी बोटानं दाखवायची.

मग मुराओकासान माझ्याकडे आले. "तू शिकलेली. एक पाटी लिहून दे."

मी लिहिली. एक पूर्ण संध्याकाळ त्यात घालवली. 'अकरा वर्षं समुद्राकडे पाहता पाहता ह्याच्या डोळ्यात सूर्य उतरला.' धक्क्यावर ती पाटी लागली. लोक तिचे फोटो काढत. मी तिकीटघरातून ते बघत बसायची. मावशीनं ती वाचली आणि म्हणाली, "अक्षर चांगलंय."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ऊन लख्ख. फुसाएनं विचारलं, "काय गं, झाली का सुई?"

मावशीनं मान वळवली. ती वळलेलीच राहिली. हात थांबले. टेबलाशी तिचे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"एकाची झाली," ती म्हणाली. "दुसऱ्यात अजून अंडंच आहे."

"म्हणजे जेवायचं की नाही?"

"उजव्यात दुपार झालीय. डाव्यात नऊ वाजलेत."

"सोन्याचा डोळा तो," फुसाए म्हणाली. "श्रीमंताला कसली आलीय घाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. सगळ्या जेवायला बसल्या.

मावशी जेवली नाही. फळीजवळ उकिडवी बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं.

"तुझे डोळे तरुण आहेत. बघ, डावा मोठा दिसतो का?"

मी पाहिलं. किंचित मोठा होता. कोपऱ्यातून पांढरट पडदा थोडा वर आला होता. मांजराच्या डोळ्याला आतून तिसरी पापणी असते, निरोगी मांजर जागं असताना ती सहसा दिसत नाही, हे मला मावशीनंच कधीतरी सांगितलं होतं. तिनं डाव्या कानामागं हात नेला. शिओ अंग चोरून मागं सरला.

"एवढी माणसं डोक्यावरून हात फिरवतात," ती म्हणाली. "दुखत असेल त्याला. त्याला सांगता येत नाही, मला विचारायचं सुचलं नाही."

मी म्हटलं, "डोळा आला असेल. बरा होईल."



संध्याकाळी ती मुराओकासानांच्या समोर जाऊन उभी राहिली. ते टोपल्या मोजत होते. मी तिथं पाटीचं प्लास्टिक बदलत होते.

"अध्यक्ष, मला उद्या सुट्टी हवी."

ते हसले. "जुलैत?"

"शिओला पलीकडे डॉक्टरकडे न्यायचंय. डावा डोळा बिघडलाय."

"अगं, बिघडला कुठला, सोन्याचा झालाय."

"बाहुली मिटत नाही त्याची."

मुराओकासानांनी टोपली खाली ठेवली. माणूस वाईट नाही. त्या तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या दोन्ही बोटी विकल्या, दुसऱ्याची विकू दिली नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ हिसानो. हंगाम संपू दे. आठ आठवडे. मग मी स्वतः माझ्या मेहुण्याच्या बोटीनं तुम्हा दोघांना सोडतो. शब्द देतो."

आमच्या बेटावर सगळं हंगामानंतर होतं. लग्नं, मोतीबिंदू, छपरांची डागडुजी, भावाभावांतल्या वाटण्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुणी आजारी पडत नाही. पडलं तर सांगत नाही. फुसाएची दाढ मे महिन्यापासून ठणकत होती, ती गालात लवंग धरून निवडत होती. आम्हाला ह्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. मासळी कुणासाठी थांबत नाही, एवढंच.

मावशीचे खांदे उतरले होते. मला वाटलं, ती बरं म्हणेल. दमलेलं माणूस बरंच म्हणतं.

"तिथं गेलीस तर ते डोळा काढतील," मुराओकासान म्हणाले. "मग काय उरलं?"

"मांजर उरेल."

"आणि बोटीवाल्यांना मी काय सांगू?"

"हिसानोचं डोकं फिरलंय म्हणून सांगा."

"ते त्यांना शाळेपासून माहीत आहे," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सातच्या लाँचला ती खिडकीशी उभी होती. अंगात काळं जाकीट, प्रेतयात्रेला घालतात ते. तिच्याकडे तेवढंच एक चांगलं जाकीट आहे. हातात संत्र्याची पेटी, वरून जाळीचा तुकडा शिवलेला, आत शिओ.

"एक माणूस, एक मांजर," ती म्हणाली. "मांजराचं अर्धं लागतं का?"

मी खिडकीवर माझ्या वडिलांना बसवलं आणि तिच्याबरोबर निघाले. धक्क्यावर जाळी उतरवणारी माणसं आमच्याकडे बघत होती. कुणी काही म्हणालं नाही. ते बोललेलं परवडलं असतं. पाटीसमोरून जाताना मी खाली पाहिलं.

लाँचमध्ये तिनं पेटी मांडीवर घेतली. पलीकडचा किनारा दिसायला लागला तेव्हा म्हणाली,

"तोकुजीचे डोळे पिवळे झाले होते."



"असाच जुलै. तो कढईवर असायचा. वाफेतून बाहेर आला आणि मला दिसलं. पहिल्याच दिवशी दिसलं. मी म्हटलं, तुझे डोळे पिवळे झालेत. कुणी म्हणालं, ऊन लागलंय. कुणी म्हणालं, शेडच्या दिव्याखाली सगळेच पिवळे दिसतात. तो म्हणाला, हंगाम संपू दे. मी म्हटलं, बरं."

तिनं जाळीतून बोट आत घातलं.

"सप्टेंबरात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, जुलैपासून. त्यांनी पेन खाली ठेवलं. काही बोलले नाहीत. नुसतं पेन खाली ठेवलं."

इंजिनाचा आवाज चालू होता. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी चार वर्षं दुसऱ्यांची दुःखं वाचून परीक्षा दिल्या होत्या. मला एक वाक्य सापडलं नाही.

"म्हणजे माझ्या नजरेत दोष नाही गं, सायो," ती म्हणाली. "मला दिसतं. दिसून काय झालं."

जनावरांच्या डॉक्टर कुनिएदाबाई माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि बारीक उजेड आधी उजव्या डोळ्यात टाकला. बाहुली लगेच मिटली. मग डाव्यात टाकला. ती तशीच राहिली. मग एक छोटं यंत्र डोळ्याला टेकवून आतला दाब मोजला.

"रंग कधी बदलायला लागला?"

"नोव्हेंबरात."

मावशी त्यांच्या हाताकडे बघत होती. कुनिएदाबाई लिहीत राहिल्या. पेन खाली गेलं नाही.

"आम्हाला वाटलं, शुभ आहे," मी म्हणाले. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"तुमच्या बेटावरून उशिरा आलेलं हे पहिलं नाही," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "पिल्लू जन्मतं तेव्हा सगळ्यांचेच डोळे निळे असतात. तीनचार महिन्यांत खरा रंग ठरतो. तेव्हा दोन डोळ्यांचे दोन रंग झाले तर तो नुसता रंग, काळजी नको. पण मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलला तर तो रंग नव्हे. आत काहीतरी चाललंय. इथं बुबुळातल्या रंगाच्या पेशी भलत्या वाढल्यात असं दिसतंय. बुबुळ जाड झालं, म्हणून बाहुली मिटत नाही. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबलीय, म्हणून दाब वाढलाय. डोकं ठणकत असणार ह्याचं."

"वाचेल?"

"डोळा नाही वाचणार. काढून तपासायला पाठवू. बाहेर पसरलं असेल तर मी काही करू शकणार नाही. ते आज सांगता येत नाही." मग, "हे तुमच्या कसं लक्षात आलं?"

"जेवायची वेळ चुकली," मावशी म्हणाली.

डोळा दुपारी काढला. आम्ही संध्याकाळच्या लाँचनं परतलो. दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी उभी होती. चौथ्या दिवशी जाऊन शिओला घेऊन आली. डावी बाजू भादरलेली, पापण्या शिवलेल्या, गळ्यात पुठ्ठ्याचं कडं. तिनं ती संत्र्याची पेटी धक्क्यावर टेकवली आणि दम खाल्ला. माणसांनी वाकून आत पाहिलं आणि आपापल्या कामाला लागली. डोक्यावरून हात फिरवायला कुणी पुढं झालं नाही.

पाटी मी आदल्या दिवशीच काढली होती. कुणाला विचारलं नाही. ती तिकीटघरात खुर्चीमागं उलटी ठेवली आहे. अजून तिथंच आहे.

मासळी आणखी आठवडाभर आली. मग ऑगस्टमध्ये कमी झाली. ऑगस्टमध्ये ती दरवर्षी कमी होते. पण यंदा लोकांना कारण सापडलं होतं. दुकानात मावशी आत गेली की बोलणं थांबायचं. ती तोफू घेऊन यायची. मी एकदा चिडून म्हटलं, "तू काही बोलत का नाहीस?"

"कुणाशी? मला आधी बसायचंय."

एका सकाळी सातच्या लाँचला फुसाए आली. गाल टम्म सुजलेला.

"तिकीट दे. दाढ काढायला चाललेय."

"हंगाम चालू आहे," मी म्हणाले.

"तिनं मांजर नेलं. मी काय मांजराहून हलकी?" तिनं गाल दाबून धरला. "अध्यक्षांना सांग, फुसाएचंही डोकं फिरलं. एकीचं दुसरीला लागतं म्हणावं."

ऑगस्ट संपता संपता मुराओकासान शेडमध्ये आले. फळीसमोर उभे राहिले. शिओचं कडं निघालं होतं. डाव्या बाजूला केस नव्यानं उगवत होते आणि मिटलेली एक रेघ होती.

"डोळा मारतोय मला," ते म्हणाले.

मावशी निवडत राहिली.

ते पालथ्या टोपलीवर बसले. उठायची घाई दिसली नाही. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तोकुजीला हंगाम संपू दे म्हणणाऱ्यात मीही होतो."

"सगळेच होते. मी पण."

"यंदाही मी तेच म्हटलं."

"हो."

त्यांनी टेबलावरची मूठभर तुटकी मासळी उचलली, शिओसमोर ठेवायला वाकले.

"खारट आहे ती," मावशी म्हणाली. "देऊ नका त्याला."

त्यांनी ती स्वतःच खाल्ली आणि गेले.

तपासणीचा पहिला कागद ऑगस्टमध्येच आला होता. गाठ वाईटच होती. ती डोळ्याच्या आतच राहिलीय असं दिसतं, पण ऑक्टोबरात पुन्हा छाती आणि यकृत बघू, असं त्यात लिहिलं होतं. सप्टेंबरात हंगाम संपला. ऑक्टोबरात मावशी शिओला घेऊन गेली, त्याच्या छाती-पोटाची चित्रं काढून आली आणि निरोपाची वाट बघत राहिली. त्या दिवसांत टेबलावर काम नव्हतं, तरी रोज शेडमध्ये यायची आणि रिकाम्या टोपल्या धुवायची. धुतलेल्याच पुन्हा धुवायची.

फोन आला तेव्हा मी मुटके उलगडत होते. काचेवर बोट फिरवून मी तो तिच्या कानाला लावला. तिचे हात ओले होते.

"हं," ती म्हणाली. "हं. बरं. हं."

माझा हात अवघडला.

"तीन महिन्यांनी. बरं. आणते."

मी फोन खाली घेतला. ती पालथ्या टोपलीवर बसली.

"काय म्हणाल्या?"

"छातीत काही नाही. यकृतात काही नाही." जरा वेळानं, "आत्ता तरी."

मी म्हटलं, "मावशी." नोव्हेंबरात तो ठिपका मला सुंदर वाटला होता, एवढंच डोक्यात होतं. तीही माझ्याकडे बघत नव्हती. तिनं जाकीट काढून घडी केली, गोण्यांच्या चळतीवर डोक्याखाली घेतलं आणि आडवी झाली.

"जरा पडते. जेवायच्या वेळी उठव."

सत्तेचाळीस वर्षं त्या शेडमध्ये तिला कुणी आडवं झालेलं पाहिलं नसेल. मिनिटभरात ती झोपली. तोंड थोडं उघडं होतं.

शिओ फळीवरून उतरून आला. हल्ली तो डावीकडच्या खांबाला धडकत नाही, अंतर राखून वळसा घेतो. तिच्या पोटाशी वेटोळं करून त्यानं दाराकडे तोंड केलं. ऊन थेट आत येत होतं. मी वाकून त्याच्या डोळ्यात पाहिलं.

सुई झाली होती.

मी तिला उठवलं नाही. तिच्या वाटणीचे दोन मुटके कागदात गुंडाळून ठेवले आणि सातूच्या गार चहाचा पेला झाकला. लाँचला अजून वेळ होता. मी तिथंच बसले.